कान डबीत

बारा मार्च, दुपार

प्रिय ताई,

आई आत्ता माझ्यासमोर बसून कानातलं यंत्र काढते आहे. खूण करून दोनदा म्हटलं, राहू दे. तिने मान हलवली, झाकण उघडलं आणि आतला सेल डबीत ठेवला. सवय. ती मी लावली.

तुझी तब्येत बरी असेल. इथे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ मीच दुरुस्त केला. साबणाचे उरलेले तुकडे एकत्र दाबून नवी वडी करतो, हे वाचून तू हसशील. छापखान्यात मला कवडीचुंबक म्हणतात. मी वर्षात तीन कॅमेरे घेतले होते, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांचंही हॉटेलचं बिल भरायचो, हे तिथे कुणाला खरं वाटत नाही. त्या सगळ्याचे हप्ते फेडायला आईने शिवणयंत्र विकलं. तू तिला म्हणालीस, तूच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंस, आणि घर सोडलंस. उधळलं मी, बोलणी खाल्ली आईने.

त्यानंतर मी बदललो. इतका की माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत मी दिवा घालवायचो. आईच्या यंत्राचे सेल महाग. तिला म्हटलं, मी कामावर गेलो की घरात तुझ्याशी बोलायला कोण असतं? काढून ठेवत जा. तिने ऐकलं.

यंत्र कुरकुर करत होतं म्हणून आज सकाळी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सेल किती दिवस पुरतो, असं त्याने विचारलं. आईने अभिमानाने आपली पद्धत सांगितली. तो म्हणाला, “आजी, सेलवरचं स्टिकर काढलं की आत हवा जाते, तो सुरू होतो. मग कानात ठेवा नाहीतर डबीत, संपायचा तो संपतोच.”

आई हसली. “म्हणजे सहा महिने मी फुकट बहिरी राहिले?”

तोही हसला. मी खिसे चाचपत राहिलो.

ताई, तुला फोन करायला वेळ मिळतो तो दुपारच्या सुट्टीत. त्या वेळी आई घरात एकटी, आणि कान डबीत. घंटा तिला ऐकूच येत नव्हती. आई फोन का उचलत नाही, हे तू मला छापखान्यात फोन करून विचारलंस. कारण मला त्याच क्षणी कळलं. पण सेल वाचवतो हे तुला सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, तिचा राग अजून गेलेला नाही.

तुझे फोन थांबले. आई विचारायची, हिला एकदाही आठवण येत नाही का रे? मी म्हणायचो, कामात असेल.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. शिवणयंत्र गेलं तेव्हा ती मला एका शब्दाने बोलली नव्हती. आता काय करेल, माहीत नाही.

तिने तुझा फोन कधीच टाळला नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी चार महिने लागले. एरवी शेवटी आशीर्वाद मागतो. आज मागत नाही.

तुझा धाकटा

तेरा मार्च, सकाळ

पत्र आईला वाचून दाखवायला लागलो. अर्ध्यावर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं. लिफाफ्यावर तुझा पत्ता तिनेच लिहिला. तिला तो पाठ होता.