रिकामी खुर्ची

प्रिय आई,

तुला आणि दादा-वहिनीला प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. वाफेने रंग उजळलाय, असं सोबतची बाई म्हणते. तुझे गुडघे कसे आहेत?

दादा फोनवर म्हणाला, संध्याकाळच्या प्रार्थनेला तू अजून माझी खुर्ची मांडतेस. वहिनी दिवसभर राबून दाराशी उभी राहते, पण तिलाही बसू देत नाहीस. आणि "माझ्या लेकीला परक्या ठिकाणी धीर दे" म्हणून रडतेस. ऐकून मला जेवण गेलं नाही.

कारण मी रडत नाही गं. घरी सगळं असून माझी चिडचिड व्हायची. इथे इस्त्री करताना गीत गुणगुणते, प्रभू शेजारी उभा असल्यासारखं वाटतं, आणि मन इतकं भरतं की मागायला काही उरतच नाही. तू तिथे कुढतेस आणि मी इथे सुखात, याची लाज वाटते.

साहेबांनी विचारलं, अजून दोन वर्षं राहशील का. तुला न विचारताच हो म्हणून बसले.

त्या खुर्चीवर आजपासून वहिनीला बसव. माझ्यासाठी धीर मागू नकोस. तो मीच आता रोज तुझ्यासाठी मागते.

तुझीच,
धाकटी