सगळ्यांना पाच-नऊ

कुरखेडा
९ सप्टेंबर

प्रिय सुनिल,

सप्रेम जयभीम. आमच्याकडे सगळे ठीक. रिनाचा ताप उतरला. तुमच्या आरमोरीकडे धान बरं आहे असं ऐकलं.

तुझं रेडिओ-संपर्काचं कार्ड काल मिळालं. जूनमध्ये मी टोल्याच्या, म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीच्या, टेकडीवरून तुझ्याशी बोललो, त्याचं. मोहाच्या झाडावर तार, खाली बॅटरी, आणि आता कार्डावर तुझ्या सुबक अक्षरात माझ्या सिग्नलचा रिपोर्ट : पाच-नऊ. बघून शिसारी आली. पोस्टमनसमोरच फाडणार होतो.

तुला माहीत नाही, त्या पाच-नऊवर टोल्यात काय ठरलं ते. नदी भरण्याआधी दवाखान्यातल्या रीता सिस्टर दरवर्षी दिवस भरत आलेल्या बायकांना कुरखेड्याला आणून ठेवतात. यंदा त्यात नीलाबाई होती. धानाची रोवणी सोडून ती निघेना. म्हणे, फोन लागत नसला तरी गुरुजींचा रेडिओ आहे की. सिस्टरांनी मला शाळेत येऊन विचारलं, "गुरुजी, तुमच्या मशीनचा भरोसा हाये का? नाई म्हणाल तर मी तिले आजच नेते."

मी त्यांना ऐटीत शिकवलं. पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाजाच्या जोराचा, नऊपैकी. आरमोरीने आपल्याला पाच-नऊ दिलाय, म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. सिस्टर एकट्याच परत गेल्या.

अकरा ऑगस्टला सकाळी कळा सुरू झाल्या, मूल आडवं. नदी दुथडी, मीही टोल्याच्या शाळेतच अडकलेलो. तुझ्याकरवी मदत मागायला टेकडीवर चढलो. तुला आठवत असेल, तू नुसता 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' करत होतास. कोण बोलतंय तेही तुला कळत नव्हतं. पाऊण तासात बॅटरी संपली. दुपारी पाणी उतरल्यावर तिच्या नवऱ्याने, दसरूने, चौघांना घेऊन तिला खाटेवर नदीपार नेलं. ती वाचली. मुलगी वाटेतच जन्मली, रडली नाही.

महिनाभर तुला मनात शिव्या देतोय. जूनमध्ये तू टोल्याचं नाव तीनदा विचारलंस, तिसऱ्यांदाही तुला कळलं नाही, आणि वर पाच-नऊ! लग्नातलं वरण कितीही पाणचट असो, छान झालं म्हणायचं, तशी ही आपल्या लोकांची रीत. समोरच्याला वाईट वाटू नये. थू त्या रीतीवर.

पण तुला नाव कळलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझाही आवाज तुटत होता, अर्धे शब्द मी अंदाजाने भरले. तरी मीही तुला पाच-नऊच दिला. आणि सिस्टरांना तेच सांगितलं, कारण टोल्यात माझा भाव वाढला होता.

परवा दसरू वेलीच्या काकड्या घेऊन आला. म्हणाला, "पाऊसच तसा होता, गुरुजी. मनाले लावून नका घेऊ. नीलाबाईनं देल्ल्या." मी मान डोलावली. त्याच्यासमोर बसून काकडी खाल्लीसुद्धा. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

रविवारी टोल्यात जाऊन दोघांना सांगणार आहे, की दोष पावसाचा नव्हता. त्यांनी मारलं तरी चालेल. तू ये. सकाळी आठला बसस्टँडवर थांबतो. नाही आलास, तर तुझं नावही मीच सांगेन.

जिने माझ्या रेडिओवर भरवसा ठेवला, तिच्या मुलीचा गुन्हेगार,
अश्वजित