दोन रिंगा देऊन ठेवलेला फोन

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला ईमेल करून दमले. पाठवल्याबरोबर उत्तर येतं, इतक्या तत्परतेने की क्षणभर जीव सुखावतो. उघडून बघावं तर साहेब बैठकीसाठी दौऱ्यावर आहेत आणि परतल्यावर नक्की उत्तर देतील. ते कधी परततात हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र सरळ तुझ्या बैठकीच्या पत्त्यावर टाकते आहे. पत्राला आपोआप उत्तर देणारं यंत्र तुमच्या समितीने अजून काढलं नसावं, अशी आशा आहे.

बातमी अशी की गेल्या आठवड्यात मावशीने आईच्या घराचं दार काढलं. नुसतं ढकललं नाही, रीतसर सुतार आणून काढलं. त्याने कुलूप उचकटलं, त्यात बिजागरी निखळली, म्हणून अख्खं दार उतरवून भिंतीला टेकवलं. त्या दणक्याने तुला बक्षीस मिळालेलं घड्याळ खाली पडलं, पण चालू आहे. तेवढ्यात आई डोक्याला टॉवेल गुंडाळून, कानात साबण तसाच, न्हाणीघरातून बाहेर आली. सुताराने तिला नमस्कार केला. मावशी रडायला लागली आणि लगेच रागवायलाही लागली.

दोघींचा करार तुला माहीत आहे, पण तुझी स्मरणशक्ती हल्ली जागतिक कामाला जुंपलेली असल्याने पुन्हा सांगते. रोज सकाळी अंघोळीआधी आई मावशीला फोन लावते, दोन रिंगा ऐकते आणि ठेवते. म्हणजे आई ठीक आहे. मग मावशी तिकडून दोन रिंगा देते. म्हणजे तीही ठीक आहे. बोलायचं नाही, कारण बोलायला लागल्या की दूध उतू जातं. चहा होईपर्यंत रिंग आली नाही तर पुन्हा फोन करायचा, आणि तो उचलला नाही तर दार काढायचं. गेल्या वर्षी आई मोरीत पडली तेव्हा हेच झालं होतं आणि हाच सुतार आला होता. ती वाचली ती त्या न आलेल्या रिंगेमुळे, तुझ्यामाझ्यामुळे नाही.

या वेळी आई म्हणते, मी दोन रिंगा दिल्या, माझ्या कानांनी ऐकल्या. मावशी म्हणते, फोन वाजलाच नाही. आईच्या मते मावशीला ऐकू कमी येतं. मावशीच्या मते आईला लहानपणापासून थापा मारायची सवय आहे, आणि पुरावा म्हणून तिने कुठल्याशा चोरलेल्या पेन्सिलीचा उल्लेख केला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. मी दिवसभर लोकांच्या गुरांना इंजेक्शनं देत फिरते, आई घरात एकटी. उद्या ती पुन्हा पडली तर मला कळेल ते थेट संध्याकाळी, मी घरी डोकावेन तेव्हा. याची मला रोज भीती वाटते. मावशीकडे नुकताच इंटरनेटवरून चालणारा नवा फोन आला आहे, हिरवे दिवे लागणारा डबा आहे त्याचा. आईचा मात्र जुनाच. जगातले सगळे फोन एकमेकांना जोडायचं काम तू करतोस म्हणतात. तेवढे हे दोन जोडून दे.

लोभ आहेच, तो वाढवायचा तर स्वतः येऊन वाढव.

तुझी,
बेबी


ता. १६ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र भर बैठकीत, सगळ्या देशांच्या प्रतिनिधींसमोर माझ्या हातात आलं. शेजारच्याने विचारलं, हा कुठला मसुदा. मी म्हटलं, घरचा आहे, यावर हरकती फार येतात.

तुला आमच्या कामाची चेष्टा वाटते, पण जरा समजून घे. जुना टेलिफोन एका पद्धतीने चालतो, इंटरनेटवरचा दुसऱ्या. दोघांना एकमेकांचं काही कळत नाही. म्हणून मध्ये एक यंत्र बसवावं लागतं, गेटवे म्हणतात त्याला, ते इकडचं तिकडे समजावून सांगतं. त्याने कसं वागायचं हे आमची समिती ठरवते आणि सगळ्या देशांतल्या कंपन्या ते पाळतात. ज्याला बोलायचं असेल त्याने समोरची नावाची पाटी उभी करायची, अध्यक्षाने, म्हणजे मी, ती बघून त्याला संधी द्यायची. या आठवड्यात एका परिच्छेदावर चार दिवस चर्चा झाली आणि तो परिच्छेद गाळायचं एकमताने ठरलं. तू हसशील, पण एकमत घडवून आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

मावशीच्या फोनचं म्हणशील तर वायर ढिली असेल. शिवाय खरं सांगू का, न उचलण्यासाठी फोन लावणं हीच मुळात चुकीची सवय. आमच्या लेखी न उचललेला फोन हा अयशस्वी फोन. या दोघी रोज सकाळी दोन अयशस्वी फोन करतात आणि वर भांडतात. त्यांना सांग, उचला आणि बोला, म्हणजे काही प्रश्नच राहणार नाही.

आईला म्हणावं, मी दर रविवारी दुपारी इथून इंटरनेटवरून न चुकता फोन लावतो. रिंग छान वाजते. ती उचलत नाही, गच्चीवर असेल असं समजून ठेवतो. रिंग वाजते आहे म्हणजे घरी सगळं जागच्या जागी आहे, एवढं मला पुरतं. बैठक संपली की येतोच आहे. मग बघू तो डबा.

लोभ असावा, तक्रारी थोड्या कमी असाव्यात.

तुझा,
दादा


ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. अयशस्वी या शब्दाशी तिने मला थांबवलं, तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि मग भाजी निवडायला घेतली.

वायर ढिली नाही. मी मावशीच्या स्वयंपाकघरात तिच्या फोनसमोर जाऊन उभी राहिले, माझ्या लेकीला आईजवळ उभं केलं आणि आमचे दोघींचे मोबाइल चालू ठेवले. आईने फोन लावला. लेक म्हणाली, आजीला एक रिंग ऐकू आली. इकडे फोन गप्प. दुसरी आली. गप्प. मावशी माझ्याकडे खटला जिंकल्यासारखी बघत होती. आईच्या कानात पाचवी रिंग वाजली तेव्हा कुठे मावशीचा फोन पहिल्यांदा वाजला. पुन्हा करून पाहिलं तर कधी चौथ्या रिंगेला, कधी सातव्या. दुसऱ्या रिंगेला एकदाही नाही. मग उलट केलं, मावशीने लावला. तोच प्रकार.

आता नीट ऐक. भांडण झाल्यानंतरही दोघी रोज सकाळी एकमेकींना दोन रिंगा देतच होत्या. रागाने, ओठ आवळून, पण देत होत्या. प्रत्येकीला स्वतःची रिंग ऐकू येत होती आणि दुसरीची येत नव्हती. प्रत्येकीची खात्री, की मी मोठ्या मनाने सगळं विसरले आणि ही मात्र ताठ्यात बसली आहे. तुमच्या सभेसारखंच झालं. दोघींनी पाट्या उभ्या केल्या होत्या आणि अध्यक्ष कॉफी प्यायला गेले होते.

मग प्रश्न असा, की जो फोन वाजतच नाही त्याची रिंग आईच्या कानात येते कुठून. परत येऊन मी तो आईला विचारला. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, याचंच तर बक्षीस आहे हे. तूच तिला समजावून सांगितलं होतंस आणि तिने ते सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. फोन इंटरनेटवर वाट शोधत असतो तेवढा वेळ लावणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येते, माणूस कंटाळून ठेवून देतो, म्हणून तू त्या मधल्या यंत्राला आपली आपण रिंग वाजवायला लावलंस. माणसाला बरं वाटावं म्हणून. आई म्हणाली, तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, पण ही रिंग फक्त मला ऐकवायची आहे हे ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसलेला फोन तिला चालतो, थाप मारणारा चालत नाही.

मावशीला हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. भाच्याने असं कशाला केलं असेल, म्हणून ती तुझीच बाजू घेत होती. पटलं तरी दोघी अजून बोलत नाहीत, कारण आधी माफी कुणी मागायची हे ठरत नाही. रिंगाही आता दोघींनी बंद केल्या आहेत. कालपासून सकाळी मीच गुरं सोडून आईच्या दारावरून चक्कर मारते आहे, पण रोज हे जमणार नाही. दादा, मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. हे बदलून घे, आणि ये.

लोभाचं तुझं उत्तर पाहून कळवीन.

बेबी


ता. १५ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र झोंबलं. तो नियम मंजूर झाला तेव्हा सभागृहातल्या सगळ्या पाट्या आडव्या होत्या, एकाचीही हरकत नव्हती. त्यानंतर ग्राहकांच्या तक्रारी झपाट्याने कमी झाल्या. ज्याला पलीकडच्याशी खरोखर बोलायचं असतं, तो थांबतो आणि त्याचा फोन लागतो. अडचण होते ती फक्त घाईघाईने ठेवून देणाऱ्यांची.

तरीही घरचा विषय म्हणून मी तो शेवटच्या दिवशी सभेपुढे ठेवला. आमच्यात एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी आहे, सगळे त्याला कर्नल म्हणतात, कारण तो साखर मागतानाही उभा राहतो. त्याने विचारलं, अशा म्हाताऱ्या किती. मी म्हटलं, माझ्या माहितीत दोन. त्यांनी लेखी निवेदन दिलं आहे का, हे त्याचं पुढचं म्हणणं. मग दुसऱ्या एकाने शंका काढली, की न उचलण्यासाठी केलेल्या फोनला मुळात फोन म्हणता येईल का. त्यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत फार उद्बोधक चर्चा झाली. अखेर विषय पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला. ही आमच्याकडे मानाची जागा आहे, तिथे काही विषय मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून आहेत. न उचलण्याच्या हेतूने केलेल्या फोनांसाठी एक उपसमिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद एकमताने माझ्याकडे आलं. पहिली बैठक पुढच्या वर्षी, समुद्रकाठी. आईला सांग, तुझ्यामुळे मुलाला पद मिळालं.

त्या बैठकीची तयारी असल्याने यंदा मात्र येणं जमत नाही. तोवर आईला एक मोबाइल घे आणि त्यावर एक ॲप घालून दे. रोज सकाळी त्यातून मावशीला अंगठ्याचं चित्र गेलं की झालं, आई ठीक आहे. तिला विसरायला होत असेल तर ते चित्र आपोआप जाईल, अशीही सोय त्यात आहे.

या रविवारीही फोन लावला होता. रिंग वाजत होती, बरं वाटलं.

लोभ आहे तसा राहू दे, त्यात तूर्त काही दुरुस्ती सुचवू नकोस.

तुझा,
दादा


ता. २ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अध्यक्ष झालास, आनंद आहे. आपोआप जाणारा अंगठा मात्र मला नको. मी गेल्यावरही तो रोज सकाळी मी ठीक असल्याचं कळवत राहील आणि तुम्हा सगळ्यांना बरं वाटत राहील.

एक गोष्ट बेबीला सांगितलेली नाही, तुलाच लिहिते. रविवारी दुपारी मी गच्चीवर नसते. जेवण झालं की फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसते, नीट ऐकू यावं म्हणून पंखाही बंद करते. फोन वाजत नाही. बेबी म्हणायची, त्याला आठवण राहत नाही, आणि मी तुझी बाजू घेऊन तिच्याशी भांडायचे. आता कळलं की तिचंही चुकलं. तू लावत होतास. दोन रिंगा ऐकत होतास आणि ठेवत होतास. आणखी थोडा थांबला असतास तर इकडे वाजला असता. तुझ्या मावशीने आणि मी दोन रिंगा दिल्या, कारण पलीकडे कुणीतरी त्यांची वाट बघतंय हे दोघींना माहीत होतं. तू कुणासाठी दिल्यास, ते तुझं तू बघ. मला वाईट वाटलं, उगाच नाही कशाला म्हणू.

मावशीकडे शेवटी मीच गेले. सुताराला बरोबर नेलं, तिच्या दारात उभं केलं आणि बाहेरूनच विचारलं, उघडतेस की काढायला सांगू. ती आधी हसली, मग दोघी रडलो. सुतार बिचारा अवघडून चहाही न घेता गेला. माफी कुणी मागितली ते आता दोघींच्याही लक्षात नाही. ती माझ्याकडेच राहायला आली आहे. रात्री घोरते आणि दिवसा माझ्या चहाला नावं ठेवते. सकाळी जाग आली की मी मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करते, पलीकडून दोनदा येते. बेबीची सकाळची चक्कर वाचली. तुझ्या उपसमितीला कळव, एक विषय कमी झाला.

दोघींचे फोन कंपनीला परत देऊन टाकले. तुझं घड्याळ ठेवलं आहे, वेळ बरोबर दाखवतं. रविवारचा तुझा नेम मात्र मोडू नकोस. लावत जा, रिंग तुला ऐकू येईलच.

आणि कधी यायचं झालंच तर एक लक्षात ठेव. दार सुताराने नवं बसवलं आहे, बेल जुनीच आहे, बाहेर दाबली की आतच वाजते. आमचे गुडघे दुखतात, उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. दोनदा दाबून निघून जाऊ नकोस.

एवढंच कळावं.

आई