शंभर टक्के वसुली

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून कर्जमुक्ती. दिवाळीच्या आत घरातलं सगळं देणं साफ. बचत गटांच्या कर्जवसुलीत मी बारा वर्षं काढली. लोकांनी कर्ज कसं फेडावं हे गोंदिया तालुक्यात माझ्याइतकं कोणाला कळतं? फक्त स्वतःकडे बघायला वेळ मिळाला नव्हता.

निमित्त कालचं. सासूबाई केशोरीहून नातीला भेटायला आल्या होत्या. नेमका तेव्हाच दुसऱ्या फायनान्सचा योगराज माझ्या थकलेल्या किस्तीसाठी दारात. मी बाथरूममध्ये. आचलने (पाचवीत आहे) त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, पप्पा नागऱ्याला गेले. खोटं बोल असं मी तिला कधीही सांगितलेलं नाही. अशा वेळी काय सांगायचं असतं, एवढंच एकदा समजावलं होतं.

योगराज गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, जवाई, काय शिकून राहिली ही पोरगी तुमच्या घरी? दिवारीपर्यंत पाहीन. सुधरलं तं ठीक, नाई तं केशोरीले नेईन तिले.

आचलची आई, रुची, जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या आजारपणात सासूबाईंनी धानाच्या शेतातली एक बांधी विकली. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द काढत नाहीत. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आचल कुठेही जाणार नाही.

२ सप्टेंबर.
देणी: पर्सनल लोन, बाइक, मोबाइल, किराणा दुकानाची उधारी. टीव्हीची किस्त धरत नाही. तो आचलच्या जनरल नॉलेजसाठी घेतला, म्हणजे शिक्षण झालं.

पहिला उपाय, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. रोजचे दोन, म्हणजे सत्तर रुपये, म्हणजे महिन्याला एकवीसशे. एवढा पैसा मी थुंकत होतो! दुसरा उपाय, इन्सेंटिव्ह. आमचे ब्रँच मॅनेजर हिमांशू सर (वय सत्तावीस, अनुभव बेताचा) मीटिंगमध्ये म्हणाले, दिवाळीपर्यंत वसुली शंभर टक्के ठेवा, पंधरा हजार मिळतील. ते आले की किराणा साफ. तरी पगारातून महिन्याला दोन हजार कमीच पडतात. बघू. इच्छा तिथे मार्ग.

संध्याकाळी एक खर्रा. पानठेलेवाल्याने सवयीने घोटून ठेवला होता. गरिबाचं नुकसान करणं मला जमत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार.
कामठ्याचं सेंटर. गटाच्या सगळ्या बाया वेळेवर. मी नेहमीचं भाषण दिलं. आधी किस्त, मग भाजी. किस्त ही सवय आहे, आणि ज्याला सवय नाही त्याला इज्जत नाही. 'इज्जत' म्हटल्यावर मी जरा थांबतो. परिणाम होतो.

सुशीलाबाईंनी पैसे आणले नव्हते. काऊन विचारलं तर म्हणाल्या, निंदनाची मजुरी नाई भेटली जी भाऊ, पोराले ताप होता. कुठून आनू? नियमाप्रमाणे उरलेल्या बायांनी तिचे भरायचे असतात. उरलेल्या बाया छताकडे पाहू लागल्या.

एका बाईपायी शंभराचे नव्याण्णव झाले असते. शेवटी मीच नऊशे चाळीस भरले. याला दया म्हणू नये. नऊशे चाळीस टाकायचे आणि पंधरा हजार काढायचे, ही गुंतवणूक झाली. पैसे किराणावाल्याचे होते, पण पंधरा हजारही शेवटी त्यालाच जाणार आहेत.

१५ सप्टेंबर.
योगराजने चहाच्या टपरीवर गाठलं. चार वर्षांपूर्वी तो आमच्याच ब्रँचला नवीन लागला होता आणि मीच त्याला कामाला तयार केला. तर आज त्याने मलाच सुनावलं. भाऊ, आधी किस्त, मंग भाजी. किस्त ही सवय होये. सवय नाई तं इज्जत नाई. टपरीवरचे चार जण ऐकत होते.

मी म्हटलं, इज्जतच्या आधी थांबू नको, नंतर थांब. तो हो म्हणाला आणि पुन्हा बोलून दाखवलं. दुसऱ्या वेळी खरंच चांगलं झालं. माझी मान खाली गेली, पण ऊर भरून आला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. विद्यार्थी म्हणून त्याला एक खर्रा दिला. एकट्याने खाणं बरं दिसत नाही म्हणून मीही घेतला.

२२ सप्टेंबर, सोमवार.
कामठा. सुशीलाबाई पुन्हा रिकाम्या हाताने आल्या. वर शेजारच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिचेबी भरून द्या ना जी, हिची हालत माह्यापेक्षा खराब आहे. एकीला देऊन दुसरीला नाही म्हणणं मला जमलं नाही. अठराशे ऐंशी गेले. बाया माझा फार मान ठेवतात. एकीने घरच्या वालाच्या शेंगा दिल्या.

त्यातले अकराशे आचलच्या सहलीचे होते. नवेगावबांध, शुक्रवारी. घरी येताना रस्ताभर विचार करत होतो, हिला सांगू कसं? आणि देवाची करणी पाहा, जेवताना ती स्वतःच म्हणाली, पप्पा, मला नाही जायचं. बसमध्ये उलटी होते.

डोक्यावरचा भार उतरला. किती समजूतदार पोरगी! भात पुन्हा वाढून घेतला.

नंतर भांडी घासताना आठवलं. मागच्या वर्षी आम्ही रामटेकला गेलो होतो. ती खिडकीजवळ बसून जाताना-येताना गाणी म्हणत होती. उलटी मला झाली होती.

२३ सप्टेंबर.
काम सुचलं नाही. दुपारी बाजारात जाऊन आचलला सँडल घेतले. सोळाशे पन्नास, उधार. ओळखीचं दुकान आहे.

तिने घालून पाहिले. छान आहेत म्हणाली. मग विचारलं, पप्पा, परत करता येतात का? मी नाही म्हटलं. तिने ते पुन्हा कागदात गुंडाळले, डब्यात ठेवले आणि जुन्या चपला घालून ट्यूशनला गेली.

मी बसून नीट विचार केला. सहल अकराशेची, सँडल सोळाशे पन्नासचे. गेल्या महिन्यात पालकसभेला गेलो नाही तेव्हा पिझ्झा आणला होता. त्याआधी तिच्या वाढदिवशी देवरीत अडकलो तेव्हा ब्लूटूथ स्पीकर. म्हणजे माझा खरा खर्च कशाने होतो, तर अपराधी वाटण्याने. हे आजवर कोणी शोधून काढलं नसेल. नवा संकल्प: अपराधी वाटून घ्यायचं नाही. वर्षाला दहा हजार सहज वाचतील.

६ ऑक्टोबर, सोमवार.
कामठा. चार जणींच्या किस्ती आल्या नाहीत. खरं म्हणजे सुशीलाबाईंनी या वेळी पैसे आणले होते. पण बाकीच्यांचं पाहून म्हणाल्या, या नाई भरत तं मीच कायले भरू? आणि नोटा पुन्हा कमरेला खोचल्या. मी भाषण सुरू केलं. मागून कोणीतरी म्हणालं, भाऊ, तुमाले उशीर होऊन राहिला, भरून टाका आन निघा. हसल्या सगळ्या. वाईट हेतूने नाही.

तीन हजार सातशे साठ. होते कुठे? योगराजला फोन केला. हातउसने दिले त्याने, पण दोनदा मोजून. आता मी त्याच्या कंपनीचाही देणेकरी आणि त्याचाही. आजवर एकूण सहा हजार पाचशे ऐंशी घातले. पंधरामधून तेवढे वजा केले तरी आठ हजार वर उरतात. गणित पक्कं आहे.

आचल रात्री विचारत होती, आजी खरंच नेईल का? मी म्हटलं, आजी म्हणते बोलायला. दिवाळीला सगळं ठीक होणार.

१७ ऑक्टोबर.
सत्कार झाला. शंभर टक्के वसुलीबद्दल शाल, प्रमाणपत्र आणि लेमन सेट. हिमांशू सर म्हणाले, दुर्गेशभाऊ से सीखो, इनके सेंटर में बहाना नहीं चलता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

इन्सेंटिव्हच्या पाकिटात अडीच हजार निघाले. मी सरांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, पंधरा हजार पूरे ब्रँच के थे, सहा जणांत वाटले. मीटिंगमध्ये तसंच सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी बहुतेक मनातल्या मनात किराणा फेडत होतो.

घरी आचलने लेमन सेट खोलून पाहिला. एक ग्लास फुटका. ती म्हणाली, आपण दोघंच आहोत पप्पा, पाच खूप झाले.

२४ ऑक्टोबर.
उत्तम कामगिरीबद्दल मला दोन नवीन सेंटर मिळाली. देवरीच्या पलीकडे, जिथे कोणाचीच वसुली होत नाही. सर म्हणाले, आप ही कर सकते हो. सकाळी सहाला निघायचं, रात्री आठला परत. शाळा उघडली की आचल स्वतः कुलूप लावून जाईल आणि स्वतः उघडेल. किल्ली दोरीत ओवून तिच्या गळ्यात घालून पाहिली. लॉकेटसारखी दिसते.

सासूबाईंचा फोन. शाळेतून आल्यावर घरी कोन राहील? मी म्हटलं, शेजारचे आहेत ना. शेजारचे दिवाळीला बालाघाटला गेलेत, कधी येतील माहीत नाही. दिवाळी होऊन गेली हे त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मंडईले या दोघंबी. दिवाळीनंतरची गावची जत्रा ती.

२ नोव्हेंबर, रविवार. केशोरी.
मंडई. गावात पाय ठेवायला जागा नाही. आचल मामेभावंडांबरोबर सकाळीच दुकानं पाहायला गेली. मी सासूबाईंसमोर ओसरीवर बसलो. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. मार्चपर्यंत मुदत द्या. या खेपेला अडचण आली, पुढच्या खेपेला नक्की. माझी नियत खराब नाही.

अर्ध्यात आलो आणि लक्षात आलं की हे मी दर सोमवारी ऐकतो. फक्त निंदणाची मजुरी तेवढी राहिली होती.

सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, पोरगी सांगे, पंधरा हजार भेटनार होते ना जी? मग मी सगळंच सांगितलं. शंभर टक्के वसुली, सत्कार, आणि गरीब बायांचे पैसे मी माझ्या खिशातून कसे भरले. माझं मन कसं आहे हे त्यांना दिसावं म्हणून सांगितलं.

त्यांचा हात थांबला. परक्या बायांच्या किस्ती तुमी भरल्या, आन पोरीले सहलीले नाई पाठवलं?

मी म्हटलं, तिलाच जायचं नव्हतं. बस लागते तिला.

त्या म्हणाल्या, मले तं फोनवर सांगे, आजी, मी उलटीचं खोटं सांगतलं. पप्पाले नाई म्हना लागलं असतं तं त्यायले लई वाईट वाटलं असतं.

मी सुपातले तांदूळ उगाच निवडू लागलो. सासूबाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी. मला शिव्या हव्या होत्या.

आचल आली. तोंडाला जिलबीचा पाक. माझ्याजवळ बसली आणि कोणी काही विचारलं नसताना बोलू लागली. पप्पा, मी आजीजवळ राहते. व्हॅनचे सातशे, ट्यूशनचे सहाशे आणि दुधाचे नऊशे. बावीसशे वाचतात. तुम्हाला दोन हजार कमी पडतात ना?

मी म्हटलं, वेडी आहेस का. आणि लगेच मनात बेरीज केली. बरोबर होती. ती बेरीज मी केली, याची मला आता लिहितानाही लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार.
शाळेतून आचलचा दाखला काढला. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, आजीला सोबत हवी. फॉर्मवर तेच लिहिलं.

तिला केशोरीला सोडून आलो. तिथे तिला मोकळी हवा मिळेल, मामेबहिणी आहेत, गाईचं दूध आहे. तिच्या दृष्टीने चांगलंच झालं. नवे सँडल तिने घातले होते. निघताना रडली नाही. मी बसमध्ये रडलो, पण सोबत गर्दी होती त्यामुळे थोडक्यात आटपलं.

१६ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी हिशेबाला बसलो. पगार मांडला, किस्ती मांडल्या, योगराजचे, किराण्याचे, सँडलवाल्याचे थोडे थोडे धरले. व्हॅन, ट्यूशन, दूध काढून टाकलं. तीन वेळा तपासलं. जुळतो. महिन्याकाठी दोनशे रुपये वर उरतात. बारा वर्षांत इतका स्वच्छ हिशेब मी कोणाचाच पाहिला नव्हता.

घरात कोणी नव्हतं म्हणून कोणाला दाखवता आला नाही.

संध्याकाळी आचलचा फोन. अभ्यास झाला, धान कापायला गेलो होतो, आजी बरी आहे. मग तिने विचारलं, पप्पा, जुळला का हिशेब?

हो म्हटलं असतं तर ती नसल्यामुळे जुळला, हे तिला कळलं असतं. नाही म्हटलं असतं तर ती उगाच गेली, असं झालं असतं. ती पलीकडून पप्पा, पप्पा करत होती.

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाही राहिला बेटा. आणि फोन ठेवला. आवाज एकदम स्पष्ट येत होता.