चर्चला लावलेले टेकू

बाबा, माझा पाय मोडला आहे. काळजी करू नका, मोडला तोही तुमच्याच अंगणात, परक्याच्या नाही. निवृत्त झाल्यापासून मी तुमच्याच घरात राहते. दीड महिना खाटेवर बसून काय करशील, म्हणून तुमच्या नातीनं पुण्याहून एक कागदी चर्च पाठवलं. फ्रान्समधलं, शेकडो वर्षांपूर्वीचं, गॉथिक म्हणतात तसलं कॅथेड्रल. जाड छापील कागदाचे आकडे घातलेले तुकडे कापायचे, घडी घालायची, डिंकानं चिकटवायचे. गवंड्याच्या पोरीला यात काय अवघड, म्हणत मी पाट मांडीवर घेतला. चार दिवसांत माझी बोटं एकमेकांना चिकटली, एक कागदी संत चष्म्याच्या दांडीला चिकटला, आणि चर्च काही उभं राहीना.

चूक माझीच. या चर्चच्या भिंतींना बाहेरून टेकू आहेत. दगडी, कमानदार, पण टेकूच. एवढ्या देखण्या भिंतीला ते कशाला, शेवटी लावू, म्हणून मी आधी छप्पर चढवलं, तर दोन्ही भिंती भरपेट जेवलेल्या माणसासारख्या बाहेर सैलावल्या. तेव्हा तुम्ही आठवलात. आपल्या कोठीच्या मातीच्या भिंतीला अंगणाकडून तुम्ही दोन लाकडी बल्ल्या लावल्या होत्या. गावाला पक्की घरं बांधून देणाऱ्याच्या घराला टेकू, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं लोक हसायचे. मी लहान असताना त्या काऊन लावल्या म्हणून विचारलं, तर तुम्ही हातातली थापी खाली ठेवून सांगितलंत: "छप्पर भिंतीले बाहेर ढकलते, टेकू तिले आत ढकलते. दोघांचं भांडण बरोबरीत राहिलं का घर उभं." आणि टेकू काढला तर? "घंटाभर नाही राहत. अंगणात आडवी."

त्या दिवसाबद्दल मी तुमच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, ते आज उघडते. मी एकोणीस वर्षांची. डी.एड.चा फॉर्म तुमच्या सहीवाचून फळीवर पडलेला, आणि आमगावचे पाहुणे मला पाहायला आलेले. ते समोरच्या ओसरीत बसले आहेत, मुलाची आत्या विचारते आहे, "भाकर गोल येते का वो तुले?", आणि मी 'येते' म्हणायला तोंड उघडते तोच कोठीची भिंत अंगणात बसते. मागोमाग छपरावरचे कवेलू. आणि त्या सगळ्याखाली मुलाची नवी मोटारसायकल. कुणाला खरचटलं नाही, पण मुलगा असा रडला की आत्यानं त्याला पाणी पाजलं. शेजारच्या काकांची म्हैस कोठीच्या कोपऱ्याला पाठ घासत होती. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवून ओरडलात, "तुह्या म्हशीनं माही भिंत पाडली!" काका म्हणाले, "माही म्हैस होय का बुलडोझर?" म्हैस शांतपणे रवंथ करत होती. पाहुणे गेले ते परत आले नाहीत. तुम्ही विटांची भिंत बांधलीत, महिनाभरानं फॉर्मवर सही केलीत, आणि काकांशी, तुमच्या जिवाभावाच्या मित्राशी, गावादेखत बोलणं टाकलंत. तुम्ही जाईपर्यंत. बल्ल्या मी पाहुणे यायच्या जरा आधी काढून तणशीच्या ढिगात लपवल्या होत्या. एका निरपराध म्हशीपायी तुमची मैत्री गेली, हे मला इतकी वर्षं खात होतं.

काका आता फार थकले, पण रोज दुपारी काठी टेकत येऊन चर्च पाहतात. आज म्हणाले, "एवढ्या श्रीमंत देवाच्या घराले टेकू काऊन लागले वो?" मला हसू आलं, मग रडू, आणि मी सगळं कबूल केलं.

काकांनी शांतपणे तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मालूम आहे," म्हणाले. "तुह्या बापाले सांजेलेच बल्ल्या सापडल्या तणशीत. मले म्हणे, भाऊ, म्हशीचंच नाव राहू दे. गावाले समजलं तं पोरीले सून कोण करन?"

"मग तुमचा अबोला?"

"अबोला कायचा? रोज तळ्याच्या पाळीवर खर्रा खात होतो आमी. गावात तोंड फिरवत होतो. मंग सवय पडली." काठी हातात घेत ते म्हणाले, "एकच गोष्ट लागली त्याले. म्हणे, पोरीले माह्या घराची लाज वाटली."

काका केव्हाच घरी गेले. मी तेव्हापासून हे लिहीत बसले आहे.

बाबा, लाज नव्हती हो. शपथ. टेकू काढले की भिंत घंटाभरात पडते आणि अंगणातच पडते, हे मला तुमच्याकडूनच ठाऊक होतं. पाहुणे ओसरीत बसणार, कोठीत कुणी जाणार नाही, हेही मी पाहून घेतलं होतं. मला लग्न नको होतं, डी.एड. करायचं होतं, आणि तुम्हाला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. मी लाजून नाही, तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून ती भिंत पाडली. मोटारसायकल तेवढी माझ्या हिशेबात नव्हती.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून चर्चच्या पोटात ठेवते आणि वरून छप्पर लावते. या खेपेला टेकू आधी लावले आहेत. आणि भाकर, बाबा, मला अजूनही गोल येत नाही.