पंधरा तारीख आणि मूठभर खडे मीठ

डहाणू रोड,
रविवार, दुसऱ्या चहानंतर

रविंद्रराव,

तुम्हाला प्रल्हादचा नमस्कार आणि योगितावहिनींनाही. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? तलासरीत थंडी आमच्यापेक्षा जास्तच असणार, तेव्हा कानटोपी घालत जा. शाळेत विज्ञान शिकवता म्हणून सर्दी तुम्हाला वचकून राहील असं नाही. इकडे सगळे मजेत. म्हणजे तुमची बहीण मजेत आहे, तुमच्या आई मजेत आहेत, आणि मी पत्र लिहितोय. फोनच केला असता, पण आईंनी चिंचणीच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली आहे, त्यांना पलीकडच्या खोलीतली कुजबुजही ऐकू येते. शिवाय तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी मिळून ऐकायची पद्धत आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो. चिंचणीचं घर बंद केलं तेव्हा ठरलं होतं, की आईंनी सहा महिने आमच्याकडे राहायचं आणि सहा महिने तुमच्याकडे. येत्या पंधरा तारखेला आमचे सहा महिने भरतात. तर पंधराला पहिल्या एसटीने या आणि आईंना घेऊन जा. चौदाला आलात तरी माझी हरकत नाही. कारण विचाराल, तर ते आमच्या टीव्हीशेजारी ठेवलेलं आहे, आणि ते तुम्हीच आम्हाला वास्तुशांतीला भेट दिलेलं आहे.

होय, तीच काचेची टाकी. दोन वर्षं आम्ही तिच्यात गुण्यागोविंदाने कांदे ठेवले. पण आई आल्या तेव्हा दिवसभर गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या, जेवायला बोलावलं तर 'भूक नाय' म्हणायच्या, आणि सुषमा स्वयंपाकघरात डोळे पुसायची. मला वाटलं, घरात मासे आणले तर त्यांचं मन रमेल. इथवर माझी काही चूक आहे का? चूक पुढे झाली. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यातला दाढीवाला माणूस म्हणाला, की नुसते मासे ठेवणं अडाणीपणाचं, खरी मजा पाण्यातल्या बागेची. खाली कसदार माती, वर वाळू, त्यात झाडं. आता कसदार माती म्हटल्यावर डहाणूचा माणूस कुठे जाणार? मी आगर गावच्या नविनच्या चिकूवाडीत गेलो आणि बादलीभर माती आणली. नविनने आदल्याच आठवड्यात झाडांना शेणखत आणि निंबोळी पेंड घातली होती, हे त्याने मला सांगितलं नाही (त्याचं म्हणणं, मी विचारलं नाही). दुसऱ्या दिवशी टाकीत कडक चहा तयार झाला होता. वासावरून खालच्या मजल्यावरच्या संगीताताईंनी नगरपरिषदेला फोन लावला आणि गटारवाले आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनाही मी टाकी दाखवली. दोघांनी फोटो काढले.

माती उपसली, धुतली, चाळली, पुन्हा भरली. झाडं आमच्या स्टेशनातल्या काकड्याने आणून दिली. तो गंजाड गावचा, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन आहे, आणि कोणतं झाड कुठल्या ओढ्यात मिळतं हे त्याला तोंडपाठ. लांब पात्यांचं एक आणि पिसाऱ्यासारखं मऊ एक, अशी दोन प्रकारची सुंदर झाडं. त्यांच्यासोबत चार गोगलगायी आल्या, पंधरा दिवसांत चाळीस झाल्या. त्यांचं सोडा. खरी पंचाईत ही, की दाढीवाल्याच्या मते टाकी लावल्यावर महिनाभर मासे सोडायचे नाहीत, आधी पाण्यात चांगले जंतू वाढू द्यायचे. आई रोज सकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसायच्या आणि विचारायच्या, "मासे कुठे हायत?" मी सांगायचो, आई, सध्या यात जंतू आहेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत. तीन दिवसांत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की बुकिंग ऑफिसातले प्रल्हादभाऊ न दिसणारे मासे पाळतात. लोक येऊन बघून जायला लागले. मी अगोदर रागावलो, मग चहा करायला लागलो.

अखेर महिन्याने आठ रंगीत गप्पी आणले. (साधे गप्पी डासांसाठी विहिरीत सोडतात, हे त्यांचे श्रीमंत चुलतभाऊ.) मी दाढीवाल्याच्या सांगण्याप्रमाणे पिशवी टाकीत अर्धा तास तरंगत ठेवणार, तेवढ्यात आईंनी चष्मा लावला, पिशवीतला एक मासा तळव्यावर घेतला, अंगठ्याने त्याचा कल्ला उचलून आत बघितलं, आणि "ताजे हायत" असा निकाल देऊन त्याला टाकीत सोडलं. तो मासा आजतागायत ठणठणीत आहे, फक्त आई दिसल्या की झाडामागे जातो.

आणि मग ते घडलं. गेल्या महिन्यात माशांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. मी औषध आणलं, रोज पाणी बदललं, दाढीवाल्याचे अकरा व्हिडिओ बघितले. मासे सारखे वर येऊन धापा टाकायला लागले. एके दिवशी कामावरून आलो तर टाकीच्या तळाशी खडे मीठ. मूठभर! मी विचारलं, हे कोणी केलं? आई शांतपणे म्हणाल्या, "मी. दर्याचा जीव, गोड्या पाण्यात कोमेजंल नाय तर काय?" रविंद्रराव, गप्पीच्या सात पिढ्यांनी दर्या बघितलेला नाही. मी हे त्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं. आई उठून गॅलरीत जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. पिसाऱ्यासारखं झाड चार दिवसांत सडून गेलं. मी त्याच दिवशी कॅलेंडरवर पंधरा तारखेला गोल केला. म्हणून म्हणतो, या आणि घेऊन जा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
प्रल्हाद

ता. क. अर्धवट माहिती देणं बरं नव्हे म्हणून लिहितो. झाड सडलं, पण पाचव्या दिवशी माशांच्या अंगावर एकही ठिपका राहिला नाही. दाढीवाल्याच्या बाराव्या व्हिडिओत उपाय होता: थोडं मीठ. मी आईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चालंल, शिकशील." तेव्हापासून टाकीचा कारभार त्यांच्याकडे आहे. बांगडी काचेवर वाजवली की गप्पी वर येतात, आणि मग आई त्यांना बाजारातल्या आवाजात झापतात. सहा महिन्यांत पहिल्यांदा हा आवाज आमच्या घरात घुमला. काल त्या दोनदा भात मागून जेवल्या.

ता. क. २. पंधराला येऊ नका. खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो, पण माझा राग मधे आला. आईंशिवाय हे घर मला आता चालणार नाही. अडचण अशी, की मी 'राहा' म्हटलं तर त्या राहणार नाहीत. जावयाच्या दारात ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. तेव्हा तुम्हीच फोन करून सांगा, की तुमच्या बाथरूमच्या लाद्या फोडल्यात, काम लांबलंय. लाद्या खरंच फोडाव्या लागल्या तर मी येऊन मदत करीन.

ता. क. ३. (दादा, हे मी, सुषमा.) पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रविंद्रला सांग, लाद्या फोडू नको. त्या निळ्या शेपटीवालीला दिवस गेलेत. बाळंतपण टाकून आई लेकीच्या घरून हलत नाय." मी तिला म्हटलं, आई, गप्पीला दर महिन्याला पिल्लं होतात. ती म्हणाली, "मना माहीत हाय."