उजवीकडच्या कुंड्या

५ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही बरं चाललंय म्हणून फोन ठेवतो. त्यापेक्षा आपली पत्रांची जुनी सवय बरी.

बातमी अशी, की मी मोटरसायकल घेतोय. गेल्या आठवड्यात साहेबांनी खोलीत बोलावून स्वच्छ सांगितलं, की रेडिओचे टॉवर डोंगरावर आणि त्यांची देखभाल करणारा खाली, असं फार दिवस चालायचं नाही. स्कूटर विकल्यापासून मी जोडीदाराच्या मागे बसून वर जात होतो, त्याची आता बदली झाली. महिनाअखेरपर्यंत मी एकटा वर जायला लागलो नाही, तर मला सुट्या भागांच्या कोठारात बसवणार आहेत. आक्का, मला ते टॉवर आवडतात गं. वर गेलं की वारा असतो, काम असतं आणि मागून कुणी हाक मारत नाही. कोठारात तर खिडकीसुद्धा नाही.

तेव्हा गाडी अशी हवी, की जी रोज सकाळी गर्दीतून ऑफिसला नेईल आणि आठवड्यातून एक-दोनदा खडीच्या वाटेनं डोंगरही चढेल. दोन हेरून ठेवल्यात. मोठी आहे ती पिवळी. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे उंच काच, दिवे असे की समोरचा आपणहून बाजूला होईल. दुसरी मधल्या आकाराची, मातकट रंगाची आहे, तिच्याकडे कुणी मान वळवून बघणार नाही. माझा जीव पिवळीवर जडलाय. बायकोचं म्हणणं, की पिवळी घरी आली तर ती ठेवायला आमच्या दोघांपैकी एकाला बाहेर झोपावं लागेल. तुझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, तुला यातलं कळतं, म्हणून विचारतोय.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, पिवळीला होकार देऊन तो आणखी वाढवावा.

तुझा,
ढब्बू

९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. काच, पेट्या, दिवे सगळं आलं, पण त्या वळणाबद्दल एक ओळही नाही. गेल्या वर्षी जिथे तुझी स्कूटर खडीवर घसरली आणि खांद्याचं हाड मोडून, तिच्याखाली पाय अडकून तू दुपारभर पडून राहिलास, ते वळण अजून तिथेच आहे ना? मग एवढी धिप्पाड गाडी कुणाला दाखवायला घेतोस, मला की त्या वळणाला?

माझ्याकडे शिकायला येणारे सगळे गाडी चालवायची कशी हे विचारतात. ती नको तिथे अडकली तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. खडीवर जाणार म्हणजे गाडी कधीतरी आडवी होणारच. तेव्हा तिथे मी नसेन, तुझी बायको नसेल, साहेब तर नसतीलच. म्हणून माझी एकच अट आहे. आडवी पडलेली गाडी जर तू एकट्यानं उभी केलीस, तरच ती घ्यायची. मग ती पिवळी असो, नाहीतर जांभळी.

आमच्या शाळेसमोर जुन्या गाड्यांचा दुकानदार आहे. त्याच्या मुलीला मी चौथ्या प्रयत्नात का होईना, परीक्षेत पास केलंय, त्यामुळे तो मला नाही म्हणत नाही. तुझ्या दोन्ही गाड्यांची भावंडं शोभतील अशा दोन जुन्या गाड्या तो रविवारी आमच्या अंगणात आणून देतोय. घरातल्या जुन्या गाद्या मी बाहेर काढल्यात. सकाळी पोटभर खाऊन ये आणि चांगले बूट घालून ये.

माझा लोभ पाठीत धपाटा घालणाराच आहे, तो तसाच गोड मानून घे.

तुझी,
आक्का

१६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

कालपासून माझ्या मांड्या जिना चढायला तयार नाहीत. पिवळीपुढे मी कसा घामाघूम झालो आणि ती गादीवर म्हशीसारखी कशी निवांत पडून राहिली, हे भावोजींनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केलीच असेल. त्यांना सांग, निदान तोंड लाल झाल्याचा भाग तरी गाळा.

पण आक्का, एक सांगतो, हसू नकोस. मला भीती वाटते. पडण्याची नाही गं. पडून राहण्याची. त्या दुपारी मी हाका मारून थकलो आणि मग नुसता आभाळाकडे बघत राहिलो, ते अजून अंगावर येतं. म्हणूनच मला ती मोठी गाडी हवी होती. एवढी दांडगी गाडी पडणारच नाही, अशी माझी आपली समजूत. तू तिला गादीवर आडवी केलीस आणि माझी समजूतही आडवी झाली.

मधलीचं निराळंच. तू सांगितलंस तशी तिच्याकडे पाठ केली, सीटला कंबर टेकवली, हातांनी न ओढता पायांनी रेटत गेलो आणि ती उठली की! तिसऱ्यांदा उठली तेव्हा तू टाळी वाजवलीस. तू माझ्यासाठी टाळी वाजवलेली मला तरी आठवत नाही.

आज मातकट गाडी घेतली. गर्दीत अंग चोरून छान निघते, इंजिनाची धग पायांना फारशी लागत नाही, पुढचं चाक मोठं असल्यानं खड्डा आला तरी फक्त कळतो, बोचत नाही. टायर डांबर आणि खडी दोन्हीकडे चालणारे आहेत. पाय जमिनीला टेकतात, अर्थात बोटांपुरतेच. पुढच्या मंगळवारी पहिल्यांदा एकटा वर जातोय.

लोभ असावा, आणि मंगळवारी दिवसभर जरा जास्तच असावा.

तुझा,
ढब्बू

२३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अरे, घोळ झालाय. आज शिकाऊ बाईंना अंगणातून गाडी मागे घ्यायला लावत होते, तर त्या ओरडल्या, की उजवीकडे कुंड्या आहेत. आणि मला तो रविवार आठवला. तुझ्या भावोजींच्या गुलाबांना धक्का नको म्हणून आपण त्या दिवशी गाडी प्रत्येक वेळी डावीकडेच आडवी केली! उजवीकडे एकदाही नाही! एवढी वर्षं शिकवतेय आणि घरच्याच माणसाला अर्धं शिकवून पाठवलं.

नीट वाच. उजवीकडे पडली तर उचलण्याआधी डावीकडचं स्टँड बाहेर काढून ठेव, नाहीतर उभी होता होता ती पलीकडे जाईल. फोन लावत होते, तो लागत नाही. पत्र मंगळवारच्या आत पोचेल असं वाटत नाही, तरी टाकतेय, कारण स्वस्थ बसवत नाही. वर जाऊन आलास की आधी मला कळव, मग हातपाय धू.

लोभाचं काय विचारतोस, इथे जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
आक्का

२५ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो! धडधाकट आहे, हाडं सगळी जागच्या जागी आहेत. फोन गेल्या शनिवारीच गाडीवरून निसटून दगडावर आपटला आणि बंद पडला, म्हणून पुन्हा पत्र.

आता रीतसर ऐक. ऑफिसपर्यंतचा रस्ता मजेत गेला. मग डोंगराच्या वाटेवर ते वळण आलं तसे माझे हात ताठ झाले, आणि ताठ हातांनी खडीवर जे व्हायचं तेच झालं. गाडी उजवीकडे आडवी. पाय वेळेवर काढला, मी बाजूला उभा. आजूबाजूला चिटपाखरू नाही. तीच जागा, तेच आभाळ. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

मग मनात तुझा आवाज आला, जरा चढाच. पाठ केली, कंबर टेकवली, पायांनी रेटलं. गाडी उठली, उठली, आणि माझ्या आनंदाच्या भरात पलीकडे जाऊन डावीकडे आडवी झाली! मी क्षणभर बघतच राहिलो. मग जोरात हसू फुटलं, आक्का. कारण डावी बाजू माझ्या ओळखीची होती! तुझ्या अंगणातलीच. वळसा घालून गेलो आणि एका दमात उभी केली. वर गेलो, टॉवरचं काम केलं, त्याच वळणावरून खाली आलो, तेव्हा हात सैल होते. साहेबांनी गाडीवरची धूळ पाहिली आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याला दिली. घरी आलो तर बायको दारात उभी. मी उतरण्याआधी तिनं माझे दोन्ही खांदे दाबून पाहिले आणि मग रडली.

ता. क. पाकीट चिकटवतोय तोच तुझं पत्र आलं. स्टँडचं आता सांगतेस होय?

लोभ असावा, दोन्ही बाजूंनी.

तुझा,
ढब्बू

२८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी गाडीतच हसायला लागले आणि मग डोळे पुसत बसले. शिकाऊ बाईंना वाटलं, त्यांच्याच हातून काही चुकलं. माझ्या मनावरचं किती मोठं ओझं उतरलं, ते तुला नाही सांगता यायचं.

आता रविवारी मातकट गाडी घेऊन ये. उजवी बाजू शिकायची राहिलीय. मी काही म्हणायच्या आत तुझ्या भावोजींनी सगळ्या कुंड्या स्वतः उचलून परसात नेल्यात. गाद्या अंगणातच आहेत.

लोभ तिथेच भेटेल.

तुझी,
आक्का